ठकी, बुलबुलाचे पिल्लू आणि दाराची कडी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): आमचे घर साताऱ्यात, स्वतःचे अंगण असलेले. मागे कढीपत्ता, जास्वंद, पेरू आणि एक जुना आंबा आहे. ठकी ही आमची तीन वर्षांची गावठी मांजर. दिवसा तिला दार उघडे असते आणि रात्री ती खिडकीतून ये-जा करते. आम्ही शाकाहारी असल्याने ती दूधभातावर आणि दूधपोळीवर वाढली. गेल्या वर्षी तिला चार पिल्ले झाली, ती ओळखीत दिली. या पंधरा दिवसांत तिने बुलबुलाचे एक पिल्लू, एक चिमुकला सूर्यपक्षी आणि दोन सापसुरळ्या पकडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणून ठेवल्या. बुलबुलाचे पिल्लू तर आणले तेव्हा जिवंत होते. आठ वर्षांचा नातू दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मी तिला रागावले, गळ्यात घुंगरू बांधले, पण काही उपयोग झाला नाही. मुलगा म्हणतो, हा तिचा स्वभाव आहे, शिक्रा हा शिकारी पक्षी नाही का दुसरे पक्षी खात? शेजारचे काका पक्षिप्रेमी आहेत, ते म्हणतात, हिला मंडईत सोडून या. मी स्वतः पक्ष्यांना रोज दाणापाणी ठेवते, आणि आता वाटू लागले आहे की मीच त्यांना बोलावून हिच्या तोंडी देते. काय करावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

ठकीची ही सवय मोडता येईल का, हा आपल्या पत्राच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. तिच्या बाहेर जाण्याच्या वेळा, तिच्या ताटलीतले अन्न आणि अंगणातली आपली मांडणी या तीन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत, आणि त्या बदलल्या तर उंबऱ्यावरचे हे दृश्य पुष्कळ कमी होते. मी पंचवीस वर्षे मांजरे पाळते आहे आणि जवळपास तितकीच वर्षे गळ्यात दुर्बीण अडकवून फिरते आहे, तेव्हा या वादात माझा हात दोन्ही डगरींवर आहे, हे आधीच कबूल करते.

मांजर भूक लागली म्हणूनच शिकार करते, असे नाही. माझी मांजर बाळी पोटभर जेवून खिडकीत लोळत असते. समोरच्या तगरीवर शिंपी पक्षी येऊन टिवटिवू लागला की ती उठून बसते, मिशा पुढे येतात, जबड्याची बारीक किटकिट सुरू होते आणि शेपटीचे फक्त टोक इकडून तिकडे हलत राहते, बाकीचे अंग मात्र दगडाचे असावे तसे स्थिर. मधे काच आहे म्हणून शिंपी वाचतो. शिकार हाती लागल्यानंतर काही मिनिटांनी, ती उंबऱ्याशी आणून ठेवल्यावर, आपण रागावलात, तर त्या रागाचा आणि आधी घडलेल्या झडपेचा संबंध ठकीला लागत नाही. तिला इतकेच कळते की शिकार घरात आणली की घरचे ओरडतात. पुढच्या वेळी ती शिकार बाहेरच ठेवील आणि आपल्याला वाटेल की सुधारली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 55 पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून केलेल्या एका पाहणीत असे दिसले की मारलेल्या प्राण्यांपैकी पाव हिस्साही घरी पोहोचत नव्हता. काही जागीच खाल्ले जात आणि जवळजवळ निम्मे तिथेच टाकून दिले जात. म्हणजे आपल्याला दिसलेले चार जीव हा ठकीचा पूर्ण हिशेब असेलच असे नाही.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांच्या सभेतला जुना पेच आपण सोडवलात. दुर्दैवाने त्या सभेने घंटेकडून जरा जास्तच अपेक्षा ठेवली होती. दबा धरून बसलेले मांजर मुळी हलतच नाही, आणि हलते तेव्हा शेवटची झडप इतकी आखूड असते की घुंगरू वाजेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. शिवाय बुलबुलाच्या ज्या पिल्लाला अजून नीट उडताच येत नाही, त्याला घुंगरू ऐकू येऊन तरी ते जाणार कुठे? आधीच्या काही पाहण्यांत घंटेने थोडा फरक पडल्याचे दिसले होते हे खरे. तथापि 2021 साली इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 219 घरांतील 355 मांजरांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, तेव्हा घंटेचा म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. गळपट्ट्यावर चढवायच्या भडक रंगीत कापडी झालरीने मात्र घरी आणल्या जाणाऱ्या पक्ष्यांची संख्या 42 टक्क्यांनी घटली, कारण पक्ष्यांना रंग उत्तम दिसतात आणि झुडपाआडून सरकणारा लाल-पिवळा पट्टा त्यांच्या चटकन नजरेत भरतो. ही झालर जुन्या काठापदराच्या कापडातून घरीही शिवता येते. सापसुरळ्या आणि उंदीर यांना तिचा काही उपयोग नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या घराला जास्त लागू पडते, आणि ती ऐकून आपण थोड्या नाराज व्हाल. ज्या मांजरांना मांसातली प्रथिने भरपूर असलेले आणि धान्य नसलेले खाद्य दिले, त्यांनी घरी आणलेल्या शिकारीत 36 टक्के घट झाली. दूधभातावर वाढलेली मांजरे मी शेकड्यांनी पाहिली आहेत, ती जगतात, हे कोणी नाकारत नाही. ती जगतात याचे एक कारण असे की उरलेली गरज ती परसात भागवतात. मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावे लागते, ते प्राणिज अन्नात असते, आणि ते कमी पडले तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. भातात ते नसते आणि दुधात नावापुरते असते. वयात आलेल्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध नीट पचतही नाही. आपल्या स्वयंपाकघरात मासे शिजवा, असे मी आपल्याला सुचवणार नाही. दुकानात मिळणारे मांजरांचे तयार खाद्य आणावे, घेताना पाकिटावरच्या घटकांत मांस किंवा मासे पहिल्या क्रमांकावर आहेत ना हे वाचून घ्यावे, आणि ते व्हरांड्यात वेगळ्या ताटलीत द्यावे. दूधभात एकदम बंद न करता आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करावा. घरातल्यांचा शाकाहार ठकीच्या पाकिटाने बिघडत नाही. तिच्या पोटाचा शाकाहार मात्र अंगणातल्या पक्ष्यांना महागात पडतो.

रोज पाच-दहा मिनिटे तिच्याशी खेळावे. हे फारच साधे वाटते, पण एक्सेटरच्या त्या अभ्यासात एवढ्यानेच शिकार 25 टक्क्यांनी कमी झाली होती, आणि हे काम आपल्या नातवाकडे सोपवता येईल. एका काठीला दोन हात दोरी, दोरीच्या टोकाला चिंधीचे बोंडूक; ते जमिनीवरून सरपटवायचे, कोपऱ्याआड लपवायचे, तिला दबा धरू द्यायचा, झडप घालू द्यायची आणि शेवटी पकडूही द्यायचे. दिवेलागणीची वेळ त्याला उत्तम, कारण एरवी ती त्याच वेळी बाहेर दबा धरून बसते. खेळ झाला की लगेच जेवण. दोन दिवस अबोला धरलेल्या मुलाची आणि मांजराची समेट घडवायलाही याहून बरा मार्ग मला माहीत नाही.

आता दाराविषयी. वर सांगितलेले सर्व उपाय शिकार कमी करतात, थांबवत नाहीत; थांबवते ती फक्त कडी. मांजर बांधून ठेवा, असे मी म्हणत नाही, दोरीला बांधणे वाईटच. निदान दिवेलागणीपासून सकाळी उन्हे चांगली वर येईपर्यंत ती घरात असली पाहिजे, कारण पक्ष्यांची दाणे टिपण्याची मुख्य वेळ पहाटेची आहे आणि मांजराच्या शिकारीचीही तीच. आणि विणीच्या हंगामात, अंगणात घरटे आहे असे दिसल्यापासून पिल्ले उडून जाईपर्यंत, तिला दिवसाही बाहेर सोडू नये. आपल्याकडे बुलबुल, दयाळ आणि सूर्यपक्षी साधारण उन्हाळ्यात घरटी करतात, शिंपी आणि वटवट्या पावसाळ्यात, त्यामुळे फाल्गुनापासून श्रावणापर्यंत अंगणात कोणाचे ना कोणाचे बाळंतपण चालूच असते. पण प्रत्येक घरट्याचा खरा धोक्याचा काळ लहान असतो. बुलबुलाची पिल्ले जेमतेम दोन आठवड्यांची होताच, पंखांत पुरते बळ येण्याआधी, घरट्यातून बाहेर पडतात आणि दोन-चार दिवस जास्वंदीच्या खालच्या फांद्यांवर नाहीतर थेट जमिनीवर बसून आईबापांना हाका मारतात. आपल्या ठकीने उचललेले पिल्लू बहुधा असेच होते. तेवढे दिवस दाराला कडी राहिली तर निम्मे काम झाले.

मांजर घरात ठेवण्याचा विचार माझ्याच मनात आला, असे समजू नका. जर्मनीतील वॉलडॉर्फ नावाच्या गावात 2022 साली प्रशासनाने एका भागातील मांजरे ऑगस्टअखेरपर्यंत घरातच ठेवण्याचा हुकूम काढला, कारण तिथे जमिनीवर घरटे करणाऱ्या दुर्मीळ तुरेवाल्या चंडोलाच्या थोड्याच जोड्या उरल्या होत्या. मांजरवाले संतापले, हे सांगायला नकोच.

तीन वर्षे मोकळी फिरलेली मांजर कोंडल्यावर आक्रस्ताळेपणा करणारच. पहिले आठ-दहा दिवस ती पहाटे चारला दाराशी उभी राहून असा सूर लावील की शेजारच्या काकांनाही तिची दया यावी. त्या काळात एकदा जरी दार उघडले, तर ओरडल्यावर दार उघडते हा धडा ती कायमचा शिकेल. व्हरांड्याला ग्रिल असेल तर त्याला आतून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी ठोकून घ्यावी, एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे ठेवावा आणि खिडकीशी एक उंच फळी लावावी, म्हणजे तिला बाहेरचे जग दिसते आणि तिच्या अंगावर ऊनही पडते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी नको. मांजर ती कुरतडते आणि पक्षी तिच्यात अडकतात. खिडकीची वाट अर्थात आधी बंद केली पाहिजे. हा ठकीवर अन्याय आहे का, असे आपल्या मनात येईल. रात्री बाहेर फिरणाऱ्या मांजरांना कुत्री फाडतात, गाड्या उडवतात, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन ती तडफडून मरतात. घरात राहणारे मांजर सहसा त्यांच्यापेक्षा जास्त वर्षे जगते.

आपल्या चिरंजिवांचा मुद्दा फेटाळण्यासारखा नाही, पण तो अर्धाच आहे. शिक्रा पक्षी खातो, आणि सरडेही खातो. मात्र शिक्र्याच्या जोडीला स्वतःचा मुलूख लागतो, त्या मुलखात भक्ष्य कमी झाले की तिची पिल्ले उपाशी राहतात, आणि शिकाऱ्यांची संख्या आपोआप आटोक्यात येते. ठकीच्या मागे आपली ताटली आहे. अंगणातला शेवटचा बुलबुल संपला तरी तिचे पोट भरलेलेच राहील, म्हणून हा लगाम तिला लागत नाही. शिवाय एका आळीत दहा शिक्रे कधी नसतात. दहा मांजरे सहज असतात. अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे दर वर्षी 130 ते 400 कोटी पक्षी मारत असावीत, असा अंदाज 2013 साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा होता. हा आकडा साताऱ्याला चिकटवण्यात अर्थ नाही. आपल्याकडचे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या रानमांजर आणि मुंगूस यांच्या शेजारी जगत आलेले आहेत, ते भोळे नाहीत. भोळे पक्षी कसे संपतात ते न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर दिसले. 1894 साली तिथे दीपगृह सुरू झाले, माणसांबरोबर मांजरे आली, आणि उडता न येणारा एक चिमुकला रेन पक्षी काही वर्षांतच नामशेष झाला. ही करामत दीपगृहावरच्या एकाच मांजरीची, अशी गोष्ट सांगतात. प्रत्यक्षात बेटावर मांजरे पुष्कळ झाली होती.

यावरून काकांच्या सल्ल्याकडे येते. मंडईत सोडलेली ठकी पक्षी मारायची थांबणार नाही, ती आपल्या अंगणाऐवजी दुसऱ्या कोणाच्या अंगणात मारील, आणि आता तिच्यापुढे ताटलीही नसेल. पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. पक्ष्यांसाठी खरोखर काही करायचे असेल तर तिची नसबंदी करून घ्यावी. हे आपण पत्रात कुठे लिहिलेले नाही, त्यावरून झालेली नसावी असे समजते. मांजरी दोन महिन्यांत विते, वर्षातून दोन-तीनदाही विते, आणि पिल्ले असताना त्यांच्यासाठी अधिक शिकार करते. आपण ओळखीत दिलेल्या चार पिल्लांची नसबंदी झाली आहे का, याचीही चौकशी करावी, कारण ठकीपेक्षा त्या चौघांचा हिशेब मोठा होऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या वेळीच ठकीला रेबीजची लसही द्यावी.

दाणापाण्याबद्दल आपल्याला वाटणारी टोचणी खोटी नाही, पण तिच्यासाठी पाणी बंद करण्याची गरज नाही. भांडे आत्ता कुठे आहे ते आपण लिहिलेले नाही. बहुतेक घरांत ते कठड्यावर नाहीतर झाडाच्या बुंध्याशी, म्हणजे मांजराला आडोसा मिळेल अशा जागी असते. ते आंब्याच्या फांदीला लांब तारेने टांगावे, किंवा मोकळ्या जागी, कोणत्याही झुडपापासून निदान दहा-बारा फूट दूर ठेवावे, म्हणजे पाणी पिणाऱ्या पक्ष्याला मांजर येताना दिसेल. जमिनीवर कण्या टाकणे पावसाळा संपेपर्यंत थांबवावे. सूर्यपक्ष्याला नाहीतरी आपल्या कण्या नको असतात, त्याला जास्वंदीतला मध हवा असतो. ज्या झाडावर घरटे आहे त्याच्या बुंध्याला जमिनीपासून पाच-सहा फुटांवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा सैलसर गुंडाळला तर मांजराची नखे त्यावर ठरत नाहीत; फक्त शेजारच्या भिंतीवरून ती त्या झाडावर उडी घेऊ शकत नाही ना, हे पाहावे. सापसुरळ्यांसाठी अंगणाच्या एका कडेला दगडांचा आणि पालापाचोळ्याचा ढीग राहू द्यावा; त्यांना लपायला फट मिळाली तर त्या स्वतःची सोय पाहतात. हा ढीग दारापासून लांब असावा, कारण तशा जागी कधीमधी सापही येतात.

एक चूक माझ्या हातून झाली, ती आपल्याकडून होऊ नये म्हणून लिहिते. माझ्या पहिल्या मांजरीने एकदा दयाळाचे पिल्लू तोंडात धरून आणले. मी ते सोडवले. रक्त नव्हते, पंख नीट होते, ते टकमक पाहत होते. संध्याकाळी ते भुर्रकन उडून आंब्यावर बसले, तेव्हा मी घरभर ती बातमी सांगितली. दुसऱ्या दिवशी ते झाडाखाली मरून पडलेले होते. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात आणि सुईसारख्या दातांनी पडलेले भोक पिसांखाली दिसतही नाही; त्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो. म्हणून मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी धडधाकट दिसला तरी त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेऊन प्रतिजैविक द्यावेच लागते. तोपर्यंत त्याला भोके पाडलेल्या बुटांच्या खोक्यात, खाली सुती फडके अंथरून, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी घालू नये, दूध-पाव भरवू नये. आपल्या भागातला वनविभागाचा माणूस गाठायचा असेल तर 1926 हा त्यांचा मदत क्रमांक आहे. बरा झालेला पक्षी हौसेने पिंजऱ्यात ठेवणे कायद्यात बसत नाही, हे नातवाला आधीच सांगून ठेवावे.

मांजराने न पकडलेले, नुसतेच जमिनीवर बसलेले पिल्लू दिसले, तर मात्र ते घरात आणू नये. त्याला उचलून जवळच्या फांदीवर ठेवावे आणि ठकीला आत घ्यावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत चुकीची आहे. आपण दहा पावले मागे सरकलात की चोचीत अळी घेऊन ती येईल.

काकांशी वैर धरू नका. कोणत्या फांदीवर कोणाचे घरटे आहे हे आपल्या आळीत त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसणार. त्यांना सांगावे की घरटे किंवा खाली उतरलेले पिल्लू दिसले की कुंपणावरून हाक मारा, ठकी तत्काळ आत जाईल. त्यांच्या पहिल्या हाकेला आपण खरोखरच दार लावलेत, तर मंडईचा विषय ते पुन्हा काढणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

आपली,
सदरलेखिका

ता. क. ठकीच्या गळ्यातले घुंगरू दोरीत ओवलेले असेल, तर ते आजच काढून टाकावे. फांदीत किंवा ग्रिलमध्ये दोरी अडकली की मांजराला फास बसतो. झालर लावायची असेल तर ताण पडताच आपोआप सुटणाऱ्या बकलाचा गळपट्टा घ्यावा आणि तो मानेभोवती दोन बोटे जाण्याइतका सैल असावा.